तुरट वाईन, म्हातारी शेळी

काही वाईन नुसत्या पिण्यासाठी नसतातच. पोर्तुगालच्या बाइराडा या पट्ट्यात ‘बागा’ नावाचं काळं द्राक्ष पिकतं, त्याची लाल वाईन ही त्यांतली अस्सल. (गोव्यातल्या बागा किनाऱ्याशी तिचं काही नातं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नाव काढलं की आपल्याकडचा प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो.) कोवळ्या वयातल्या बागाचा घोट घेतला, की आधी आंबटपणा दातांच्या कडांना लागतो, मग जीभ आवळते, हिरड्या कोरड्या पडतात आणि मागे रेंगाळतो तो तुरटपणा. फळाची गोडी कुठे तरी असते, पण ती शोधायला सवड मिळत नाही. जेवणाआधी गप्पा मारत, सोफ्यावर रेलून, हातात पेला खेळवत पिण्याची ही वाईन नव्हे. तसं कुणी प्यायलं, तर तो मनुष्य पोर्तुगालच्या वाईनबद्दल कायमचं वाईट मत करून घेईल, आणि त्याची चूक आहे असं मी म्हणणार नाही.

कोकणात आगळ कुणी पेल्यात ओतून पीत नाही. पण तेच आगळ तेलकट बांगड्याच्या कालवणात पडलं, की कालवण उभं राहतं. बागाचं असंच आहे. तिला ताट लागतं. तेही साधंसुधं नाही. चरबी असलेलं, मीठ असलेलं, चावायला काही तरी असलेलं.

हे असं का झालं, ते समजायला नकाशा पाहावा लागतो. लिस्बनहून पोर्तोकडे निघालं, की वाटेत कोइंब्रा लागतं. कोइंब्रा आणि त्याच्या उत्तरेचं आव्हेरू यांच्या मधला सखल, चिकणमातीचा आणि चुनखडीचा प्रदेश म्हणजे बाइराडा. पूर्वेला बुसाको आणि कारामुलोचे डोंगर, पश्चिमेला अगदी जवळ अटलांटिक महासागर. पोर्तुगाल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऊन येतं, पण इथे सकाळी धुकं असतं आणि शरद ऋतूत समुद्रावरून पाऊस येतो. नेमका तेव्हाच बागाचा घड पिकत असतो. हे द्राक्ष उशिरा पिकणारं. मणी बारीक, साल जाड, घड घट्ट. घट्ट घडात पाणी शिरलं की तो आतून कुजतो. परतीच्या पावसात नाशिकच्या बागाईतदाराच्या पोटात जसा गोळा येतो, तसाच इथल्या शेतकऱ्याच्याही येत असणार. लवकर तोडावं तर द्राक्ष आंबट आणि बी हिरवी. थांबावं तर कूज. पिढ्यान्‌पिढ्या बहुतेकांनी लवकर तोडण्याचा शहाणपणा केला. त्यावर जुनी रीत अशी, की घड देठांसकट हौदात टाकायचे, तुडवायचे आणि देठांसकटच आंबवायचे. म्हणजे सालीचा तुरटपणा, बियांचा तुरटपणा आणि वरून देठांचाही. अशी वाईन निवळायला दहा-पंधरा वर्षं लागली, तर नवल नाही. चांगल्या सालातली मात्र एकदा निवळली, की पुढची कित्येक वर्षं टिकते. तुरटपणा आणि आंबटपणा हेच तिला सांभाळतात. बाटलीत मुरलेल्या बागाला सुकलेल्या चेरीचा, तंबाखूच्या पानाचा, ओल्या जंगलाचा वास येतो. त्या वाईनला मग कुणी नावं ठेवत नाही. पण इतकी वाट पाहायला घरात जागा हवी, पैसा हवा, आणि हव्यास आवरता यायला हवा.

तुरटपणाची गंमत अशी, की तो खरं तर चव नव्हे, स्पर्श आहे. द्राक्षाच्या सालीतले टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना पकडतात, त्यांचे गठ्ठे होतात, आणि तोंडाला वंगण देणारी लाळच निकामी होते. म्हणून जीभ खरखरीत वाटते. घासात मांस असेल, चरबी असेल, तर टॅनिनना पकडायला दुसरं काही मिळतं आणि आपली लाळ वाचते. मीठ कडवटपणाला मागे ढकलतं. उलट बाजूने वाईनचा आंबटपणा टाळूला चिकटलेली चरबी धुऊन काढतो आणि तोंड पुढच्या घासाला मोकळं होतं. जेवणाच्या टेबलावर हा देवघेवीचा व्यवहार आहे. त्यात गूढ काही नाही. वाईनवर लिहिणारे जी शब्दांची आतषबाजी करतात, तिच्यातला निम्मा दारूगोळा या दोन वाक्यांत मावतो.

बाइराडाच्या दक्षिण टोकाला मेअल्याडा नावाचं छोटं गाव आहे. कोइंब्राहून २० किलोमीटरच्या आसपास; रेल्वेने गेलं तर डबा गरम होण्याआधी उतरावं लागतं. लिस्बन-पोर्तो हा जुना राष्ट्रीय महामार्ग गावातूनच जातो. त्याच्या दोन्ही कडांना एकामागोमाग एक खानावळी, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या पाटीवर डुकराच्या पिल्लाचं चित्र. पुढे मोटरवे झाला, ट्रक तिकडे वळले, पण खानावळी टिकल्या. लोक मोटरवे सोडून मुद्दाम आत येतात. गावाने स्वतःची चार आश्चर्यं ठरवून टाकली आहेत: पाणी, पाव, वाईन आणि लैतांव. पाणी शेजारच्या लुसोच्या झऱ्यांचं. लैतांव म्हणजे दूधपितं पिल्लू, सळईवर भाजलेलं.

शाकाहारी वाचकांनी पुढचा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. मी नाराज होणार नाही.

पिल्लू महिना-दीड महिन्याचं, सहा ते आठ किलोचं. मसाला बाहेरून नाही, आतून लावतात. लसूण, मीठ, डुकराची चरबी, तमालपत्र आणि भरपूर काळी मिरी वाटून केलेला तो लगदा पोटात भरायचा, पोट शिवून टाकायचं आणि पिल्लू लांब सळईवर ओवायचं. लाकूड जाळून तापवलेल्या विटांच्या भट्टीत ते दोनेक तास भाजतं. भाजणारा माणूस मधून मधून सळई बाहेर काढतो, कातडीवरचं पाणी निपटतं का पाहतो, पुन्हा आत सरकवतो. सगळी कारागिरी त्या कातडीत आहे. ती काचेसारखी तडकली पाहिजे, आणि खालचं मांस इतकं मऊ, की सुरीची गरज लागू नये. पोटातला मसाला आणि मांसाचा रस मिसळून जी झणझणीत आमटी होते, ती वेगळ्या वाटीत देतात. सोबत संत्र्याच्या चकत्या, बटाट्याचे पातळ काप, हिरवी पानं. संत्रं शोभेला नाही. त्याचंही काम तेच, जे वाईनचं.

मी मेअल्याडाला गेले तेव्हा मोठ्या तोऱ्यात जुनी बागा मागवली. पुस्तकं वाचून गेले होते. वाढपी साठीच्या पुढचा, पांढऱ्या ॲप्रनमधला. त्याने यादी माझ्या हातातून अलगद घेतली, मिटली आणि म्हणाला, “बाई, ती शेळीसाठी असते. पिल्लाबरोबर फेसाळ घ्या.” आजूबाजूला पाहिलं, तर खरंच. बहुतेक टेबलांवर एश्पुमांत, म्हणजे इथली फेसाळ वाईन. काही ठिकाणी पांढरी, काही ठिकाणी चक्क लाल. लाल फेसाळ वाईन, तीही बागाचीच, थंडगार. मला आधी ते पोरकट वाटलं. मग घास घेतला, वर घोट घेतला, आणि वाद संपला. पिल्लाचं मांस इतकं कोवळं असतं, की मुरलेल्या भारदस्त वाईनने त्याला झाकून टाकलं असतं. इथे हवा होता आंबटपणा आणि बुडबुडे. कातडीची चरबी उचलून नेणारे. फेसाळ वाईनची इथली परंपराही जुनी आहे. १८८७ मध्ये अनादिया गावी द्राक्षशेतीची शाळा निघाली आणि १८९० मध्ये तिथे तावारेश दा सिल्वा यांनी बाइराडातली पहिली फेसाळ वाईन केली. लवकर तोडलेलं आंबट द्राक्ष लाल वाईनला अडचणीचं, पण फेसाळ वाईनला तेच हवं असतं. म्हणजे शेतकऱ्याच्या भीतीतूनच तिची सोय झाली.

त्या वाटीतल्या आमटीने मात्र मला जेवताना स्वस्थ बसू दिलं नाही. ती मिरी. ही मिरी मलबारची देणगी. पोर्तुगीज जिच्यासाठी समुद्र ओलांडून आले, तीच. त्यांनी ती नेली आणि आपल्या डुकराच्या पोटात भरली. बदल्यात त्यांच्या जहाजांतून अमेरिकेची मिरची आपल्याकडे आली, आणि आपण ती अशी काही आपलीशी केली की आता तिच्याशिवाय आपली ओळखच पटत नाही. मिरीचा तिखटपणा बागाला सोसतो. तो लवकर ओसरतो, वाईन त्याच्याशी जुळवून घेते. मिरचीचा नाही सोसत. मिरचीच्या आगीवर अल्कोहोल आणि टॅनिन पडले की आग वाढते आणि वाईनचं फळ जळून जातं. उरतो तो कडू, तापलेला द्रव. ज्यांनी मिरची आणली त्यांचीच वाईन त्या मिरचीपुढे टिकत नाही, या व्यवहारात कोण जिंकलं हे मी अजून ठरवलेलं नाही.

गोव्याने या पेचातून आपली वाट काढली. पोर्तुगीज घरांत डुकराचं मांस वाईन आणि लसणीत मुरवून शिजवायची जुनी पद्धत होती. तीच पद्धत गोव्यात आली तेव्हा द्राक्षाच्या वाईनच्या जागी माडाच्या ताडीचं व्हिनेगर आलं, आणि त्यात मिरच्या, जिरं, दालचिनी वाटली गेली. सोरपोतेल, विंदालू, चोरीस, साऱ्यांत ते व्हिनेगर आहे. मडगावच्या माझ्या मैत्रिणीची आई, आम्ही त्यांना आंटी म्हणतो, सोरपोतेल करतात आणि ते दोन-तीन दिवस रोज गरम करून मग वाढतात. पहिल्या दिवशी मागितलं तर रागावतात. मी त्यांना मेअल्याडाच्या जेवणाचं वर्णन ऐकवलं. लग्नात लैतांव त्यांच्याकडेही भाजतात, त्यामुळे पिल्लाचं कौतुक त्यांना वाटलं नाही. वाईनबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, की आमच्या मांसाला ती कशाला, आंबट तर आधीच आत आहे.

मला वाटतं, सगळा विषय या एका वाक्यात आहे. चरबीच्या मांसाला आंबट हवंच. प्रश्न फक्त एवढा, की ते कुठे ठेवायचं. मेअल्याडाने ते पेल्यात ठेवलं, मडगावने भांड्यात. पेल्यातलं आंबट प्रत्येकाला आपल्या घासाला हवं तेवढं घेता येतं, भांड्यातलं शिजवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं. एकीकडे जेवणारा ठरवतो, दुसरीकडे आंटी. म्हणूनच गोव्यात सोरपोतेलबरोबर लोक सुखाने सान्ना खातात आणि वर फेणी किंवा बिअर पितात. बागा तिथे उपरी ठरते. अमुक वाईन डुकराबरोबर छान, असं पुस्तकात लिहिलेलं असतं, तेव्हा ‘कुठल्या डुकराबरोबर?’ हे विचारायची हिंमत करावी.

बागाच्या नशिबात बराच काळ दुसऱ्यांसाठी राबणं होतं. अठराव्या शतकात पोर्ट वाईनला इंग्लंडमध्ये भाव आला, तेव्हा दोउरो या तिच्या मूळ खोऱ्याबाहेरची वाईन तिच्यात मिसळली जाऊ लागली, त्यात बाइराडाचीही होती. पोर्तुगालचा तेव्हाचा बलाढ्य मंत्री, पोंबालचा मार्क्विस, याने १७५६ मध्ये दोउरोची हद्द आखली, पोर्टच्या व्यापारासाठी कंपनी उभी केली आणि पुढे भेसळ थांबवायला बाइराडातले द्राक्षमळे उपटायला लावले. हा तोच पोंबाल, ज्याच्या हुकमाने १७५९ मध्ये पोर्तुगालमधून आणि गोव्यातूनही जेझुइट हाकलले गेले. त्याला उपटण्याची आवडच असावी. द्राक्षमळे पुन्हा लागले, पण बाइराडाच्या नावाला स्वतंत्र कायदेशीर मान मिळायला १९७९ साल उजाडावं लागलं. मधल्या काळात, १९४२ पासून, ‘मातेउश रोझे’ ही चपट्या बुधल्यातली गोडसर गुलाबी वाईन निघाली आणि जगभर खपली. तिच्यात ज्या द्राक्षांचा मोठा वाटा, त्यांत बागा आहे. गोऱ्या साहेबांच्या सहलीत, नंतरच्या पिढीच्या पार्ट्यांत ती गुलाबी बाटली उघडली गेली, आणि आपण पोर्तुगालच्या सगळ्यात हट्टी द्राक्षाचा रस पितो आहोत, हे कुणाच्या गावीही नव्हतं. हिरवट, कमी पिकलेली बागा रोझेला फार सोयीची. तिचा कडकपणा सालीत आहे, आणि रोझेत साल लवकर बाजूला काढतात.

१९८० नंतर चित्र बदललं, त्यात लुईश पातु यांचा हात मोठा. ते मूळचे रासायनिक अभियंते. त्यांनी देठ काढून टाकायला सुरुवात केली, घडांची विरळणी केली, द्राक्ष पूर्ण पिकेपर्यंत थांबण्याचा धोका पत्करला. विरळणीत आधी उतरवलेले आंबट घड फेसाळ वाईनला, वेलीवर राहिलेले लाल वाईनला, असा त्यांचा हिशोब. वेलीवर घड कमी राहिले की उरलेले लवकर पिकतात, पावसाच्या आत हाती येतात. नाशिक-सांगलीच्या बागाईतदाराला यात नवीन काही वाटणार नाही, पण बाइराडात तेव्हा वेलीवरचे घड कापून टाकणं म्हणजे अन्नाचा अपमान होता. पातुंनी एका वाळूच्या तुकड्यात खुंटावर कलम न करता थेट स्वतःच्या मुळांवर बागा लावली. एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा या किडीने युरोपचे मळे मुळापासून खाल्ले, तेव्हापासून अमेरिकी खुंटाशिवाय द्राक्ष लावणं म्हणजे जुगार. वाळूत ती कीड सहसा तग धरत नाही, म्हणून हा जुगार जमला. त्या वेलींचं उत्पन्न अगदी थोडं आणि किंमत माझ्यासारखीने बाटली लांबूनच पाहावी अशी. त्यांची मुलगी फिलिपा पातु आता आपल्या बेल्जियन नवऱ्याबरोबर स्वतःची वाईन करते. ती अधिक हलकी, अधिक मोकळी. तिची तरुण बागा थोडी गार करून जेवणात घेतली, तर पहिल्या परिच्छेदात मी जी निंदा केली तिच्यातली बरीचशी मागे घ्यावी लागते.

या सुधारणेला दुसरी बाजूही आहे, आणि ती मला आवडत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस जगाला मऊ, गोडसर, ओकच्या पिंपातल्या व्हॅनिलाचा वास असलेली लाल वाईन हवी होती. २००३ मध्ये बाइराडाचे नियम सैल झाले आणि काबर्ने, मर्लो, सिरा या फ्रेंच द्राक्षांना इथल्या नावाखाली जागा मिळाली. त्यांची वाईन वाईट नसते. पण चिलीहून आली की ऑस्ट्रेलियाहून, हे लेबल झाकल्यावर सांगता येऊ नये, अशी असते. जेवणाशिवाय पिता येईल अशी वाईन करायची म्हणजे जेवणाशी तिचं जे जुनं भांडण-प्रेम होतं ते आधी तोडायचं. मग ती कुठल्याच ताटाची राहत नाही. नशिबाने बागा धरून बसलेले हट्टी लोकही तिथे आहेत.

आता शेळी. वाढप्याने ज्या शेळीचा उल्लेख केला, तिची शांफाना मी दुसऱ्या दिवशी कोइंब्रात खाल्ली. मला विचाराल तर बागाची खरी जोडीदारीण तीच. लैतांवचा थाट मोठा, पण तो सणाचा पदार्थ. शांफाना गरिबीतून आली. दूध आटलेली, पिल्लं देणं थांबलेली म्हातारी शेळी. तिचं मांस चिवट आणि वास उग्र. तिचे मोठे तुकडे काळ्या मातीच्या भांड्यात घालायचे. लसूण, तमालपत्र, मिरी, थोडी लाल पावडर, चरबी किंवा ऑलिव्हचं तेल, आणि मग मांस बुडेल इतकी लाल वाईन. पाणी नाही. पावाची भट्टी ओसरू लागली की भांडं आत ढकलायचं आणि तासन्‌तास विसरून जायचं. वाईन आटते, काळी होते, चिवट मांस हाडावरून सुटतं. शेळीची चरबी लवकर थिजते, म्हणून ती कढत कढतच वाढतात, उकडलेले बटाटे आणि पालेभाजी बाजूला. ताटात डोकावलं तर सगळं काळं, आणि पेल्यातही जवळजवळ तोच रंग.

आधी मला शंका होती, की वाईनमध्येच शिजवलेल्या मांसाबरोबर पुन्हा तीच वाईन पिण्यात अर्थ काय. पण भांड्यातली वाईन तासन्‌तास आटून गोडसर, दाट झालेली असते. तिचा कडकपणा मांसाने केव्हाच खाल्लेला असतो. पेल्यातली अजून ताठ असते. आणि त्या उग्र वासाला बोथट, मऊ वाईन पुरी पडलीच नसती. म्हातारी शेळी आणि आंबट वाईन, दोन्ही बाजारात कुणी आवडीने घेणार नाही अशा वस्तू; टाकून देणं परवडत नव्हतं म्हणून लोकांनी त्यांना एका भांड्यात बसवलं. या दोघींची जोडी कुठल्या सोमलियेने, म्हणजे हॉटेलातल्या वाईनच्या जाणकाराने, लावलेली नाही.

शांफानाच्या जन्माची कथा तिथे चवीने सांगतात. नेपोलियनच्या फौजा आल्या, सैनिकांना पाणी मिळू नये म्हणून विहिरी विषारी केल्या गेल्या, आणि सेमीदच्या मठातल्या जोगिणींनी शेळ्या वाईनमध्ये शिजवल्या. दुसरे म्हणतात, मठाला खंडच शेळ्या आणि वाईनच्या रूपात मिळे. मग दुसरं शिजवणार काय? मला ही दुसरी अधिक पटते, पण पहिली सांगायला बरी. फौजा मात्र खरोखर आल्या होत्या. मेअल्याडाच्या शेजारच्या बुसाकोच्या डोंगरावर २७ सप्टेंबर १८१० रोजी मार्शल मासेनाच्या फ्रेंच सैन्याला वेलिंग्टनने परतवलं. हा वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्याने त्याच्या सात वर्षं आधी, २३ सप्टेंबर १८०३ला, आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. बुसाकोच्या गर्द झाडीत उभं राहून असईची आठवण येणारी माणसं फार नसतील, पण मराठी माणसाला ती यावी. त्याच जंगलात आता राजवाड्याचं हॉटेल आहे आणि त्याच्या तळघरात हॉटेलची स्वतःची वाईन मुरते: बाइराडाची बागा आणि डोंगरापलीकडच्या दाँव खोऱ्यातलं तोरिगा नासियोनाल द्राक्ष, दोन्हींची मिळून.

माशाबरोबर लाल वाईन नको, हा नियम आपण पुस्तकांतून उचलला. पोर्तुगीज माणूस तो बिनदिक्कत मोडतो. बाकाल्याव, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड, तो लाल वाईनबरोबर मजेत खातो. नियमात तथ्य नाही असं नाही. वाईनमधलं लोह जास्त असलं की माशाचा नकोसा वास बळावतो, हे २००९ मध्ये जपानी संशोधकांनी शिंपल्यातल्या मांसावर प्रयोग करून दाखवलं. पण बाकाल्यावला मीठ भरपूर, ऑलिव्हचं तेल भरपूर, वर बटाटा, कांदा, अंडं. तो मासा कमी आणि मांस जास्त आहे. मुरलेली बागा त्याच्याशी बरी वागते; तरुण नाही.

उरला आपल्या ताटाचा प्रश्न. भारतात बागाची बाटली सहज मिळत नाही. कुणी येणारं-जाणारं असेल तर मागवावी; लेबलवर ‘बाइराडा क्लासिको’ असलं तर निदान निम्मी वाईन बागाची असते, एवढं धरून चालावं. पुण्यातल्या एप्रिलमध्ये ‘खोलीच्या तापमानाला’ वाईन देणं म्हणजे चहाच देणं. बाटली फ्रिजमध्ये ठेवून १६-१७ अंशांवर आणावी आणि जेवणाच्या तासभर आधी उघडून मोठ्या तोंडाच्या भांड्यात ओतून ठेवावी. मग तिच्याबरोबर काय? माझा कौल अळणी मटणाला. आलं-लसूण, हळद, मीठ लावून शिजवलेलं, चरबीचे तुकडे असलेलं, मसाला पडायच्या आधीचं मटण, वर ताजी कुटलेली मिरी. मटण बोकडाचं हवं, आणि बोकड थोडा वयाचा असला तर उत्तमच. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र ही बाटली उघडू नका. रस्साही वाया जाईल आणि वाईनही.